गच्चीवर सोलापुरी चादर, हातात सेव्हन आयर्न: प्रो खेळाडूंचा स्विंग पाहून आपला सुधारायचा कसा

टीव्हीवर चार दिवस गोल्फची मोठी स्पर्धा पाहिली की सोमवारी सकाळी अंगात रॉरी मॅकिलरॉय संचारतो, आणि तिसऱ्याच चेंडूला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, जमिनीत रुततो. प्रो खेळाडूंची नक्कल करण्यात गैर काही नाही. बहुतेक जण नक्कल भलत्याच गोष्टीची करतात, घोळ तिथे होतो.

जिम फ्युरिकचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची लकब, आठवा. क्लब उभाच्या उभा वर जातो आणि मोठा वळसा घेऊन खाली येतो. कुठल्याही कोचने नवशिक्याला असं करू दिलं नसतं. तरी याच स्विंगवर त्यानं २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ च्या ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या शेवटच्या फेरीत अवघ्या ५८ फटक्यांत खेळ संपवला. डस्टिन जॉन्सनचं डावं मनगट वर पोचल्यावर पुढच्या बाजूला बाक घेतं. जॉन रामचा बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याची हालचाल, आखूड आहे, कारण जन्मतःच त्याचं उजवं पाऊल वाकडं होतं आणि त्या घोट्याला पुरती हालचाल नाही. तिघांचे बॅकस्विंगच्या टोकाचे फोटो शेजारी ठेवले तर तिघे वेगवेगळे खेळ खेळतायत असं वाटेल. पण क्लब खाली येताना कमरेच्या उंचीला पोचला, की तिथून चेंडू सुटून क्लब पुन्हा कमरेपर्यंत जाईपर्यंत तिघे जवळपास एकसारखे दिसतात. नक्कल करायची ती एवढ्या पट्ट्याची. वरचा भाग ज्याच्या त्याच्या शरीराचा असतो.

सोलापुरात राहून हे जमतं का? जमतं. रोज मैदानाची गरज नाही. एक सेव्हन आयर्न (मधल्या अंतरासाठीचा लोखंडी क्लब), स्लो मोशनचा मोबाइल, गच्ची किंवा मागचं अंगण, आणि घरात हमखास असणाऱ्या दोन गोष्टी पुरतात: चादर आणि टॉवेल. पुढचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या समजाव्यात, आणि पाहायला दीक्षा डागर निवडावी. तीही डावखुरी आहे.

कोणाला पाहायचं

आकडे आधी बघू, म्हणजे भ्रम उतरतो. क्लब आणि चेंडू मोजणाऱ्या ट्रॅकमॅन रडारच्या प्रसिद्ध सरासरीनुसार पीजीए टूरवरचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतला) पुरुष खेळाडू सेव्हन आयर्न ताशी ९० मैलांच्या आसपास फिरवतो आणि चेंडू हवेतून सुमारे १७२ यार्ड नेतो. एलपीजीएवरच्या महिला खेळाडूंचे हेच आकडे आहेत सुमारे ७६ मैल आणि १४१ यार्ड. दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात बसणाऱ्या चाळिशीतल्या हौशी पुरुषाचा वेग बहुधा ७० ते ८० मैल असतो. म्हणजे त्याचा खरा नमुना महिला टूरवर आहे. मॅकिलरॉयची कंबर ज्या वेगानं वळते, तो वेग आपल्याकडे नाही. तो गृहीत धरून घेतलेली प्रत्येक पोझ पोकळ ठरते. पुरुष मंडळींना हे पटायला वेळ लागतो, पण ज्याला पटतं त्याचा खेळ लवकर सुधारतो.

अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. ती लांब मारणारी म्हणून ओळखली जात नाही. बेताच्या ताकदीत फटका नेटका कसा लागतो, हे तिच्याकडे पाहून कळतं. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी नेली कोर्डा उंच, सडपातळ लोकांसाठी उत्तम नमुना आहे. आखूड बांध्याच्या, खांदे आणि कंबर आखडलेल्या माणसानं जॉन रामचा आखूड बॅकस्विंग जरूर पाहावा. आखूड बॅकस्विंग म्हणजे अर्धवट बॅकस्विंग नव्हे, हे त्यातून दिसतं.

एकच खेळाडू निवडा आणि तीन महिने बदलू नका. त्याचे दोन व्हिडिओ शोधा, एक समोरून आणि एक मागून. मागून म्हणजे चेंडू जिकडे जाणार त्या रेषेवर पाठीमागे उभं राहून घेतलेला. दोन्ही आयर्नचे हवेत, ड्रायव्हरचे (सर्वांत लांब मारायच्या क्लबचे) नकोत. ड्रायव्हरचा चेंडू टीवर (जमिनीत रोवलेल्या खुंटीवर) असतो आणि तो क्लब वर चढत असताना मारला तरी चालतो. ते पाहून आयर्न मारायला गेलात तर पहिल्याच दिवशी गाडी रुळावरून घसरेल. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. डाउनलोड केलेला व्हिडिओ व्हीएलसीमध्ये ई दाबून असाच पुढे नेता येतो. विंडोजवर कायनोव्हिया हे व्हिडिओ तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेषाही आखता येतात.

मोबाइल कुठे ठेवायचा

इथे लोक घाई करतात आणि मग महिनाभर नसलेला दोष दुरुस्त करत बसतात.

मागून घेताना मोबाइल तुमच्या हातांच्या उंचीवर हवा, म्हणजे साधारण मांडीच्या वरच्या टोकाइतका. तो तुमच्यापासून अडीच ते तीन मीटर मागे ठेवा, भिंग हातांच्या बरोबर मागे. पायांच्या रेषेवर नको, चेंडूच्या रेषेवरही नको, दोहोंच्या मध्ये. तो चेंडूच्या बाजूला फूटभर जरी सरकला तरी क्लब आत ओढल्यासारखा दिसतो. टाचांच्या बाजूला सरकला की तोच क्लब बाहेरून आल्यासारखा दिसतो. स्विंग तोच असतो, निदान मात्र उलटं निघतं. प्रेक्षकांनी दोरीपलीकडून घेतलेले प्रो खेळाडूंचे व्हिडिओ याच कारणानं फसवे असतात. व्हिडिओत पायाच्या बोटांची रेषा सरळ वर जाताना दिसत नसेल तर तो नमुना म्हणून घेऊ नका.

समोरून घेताना मोबाइल छातीसमोर काटकोनात, तीन मीटरवर, उंची तीच. तिपाई नसेल तर प्लॅस्टिकच्या स्टुलावर दोन विटा रचा आणि मोबाइल टेकवा. दर वेळी जागा तीच राहावी म्हणून जमिनीवर रंगाचे तीन ठिपके देऊन टाका: स्टुलाचा, चेंडूचा आणि डाव्या टाचेचा.

वेग सेकंदाला २४० फ्रेम असा ठेवा. तरीही नेमका चेंडूला लागण्याचा क्षण बहुतेक वेळा हुकतो. ताशी ७५ मैलांनी फिरणारा क्लब सेकंदाला साडेतेहतीस मीटर जातो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये जवळपास १४ सेंटिमीटर. चेंडू क्लबला चिकटून असतो तो त्याच्याही फार कमी वेळ, सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तेव्हा सहा-सात फटके घ्या आणि त्यातली सर्वांत जवळची फ्रेम वापरा. शिवाय फिरणारा शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, मोबाइलमध्ये धनुष्यासारखा वाकलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळी-ओळीनं टिपतो, त्यामुळे तसं दिसतं. त्या वाकण्याचा तुमच्या ताकदीशी संबंध नाही. सूर्य मोबाइलच्या पाठीशी असू द्या. आपल्याकडे मार्च ते मे सकाळी सहा ते साडेसात हीच वेळ खरी. नंतर ऊन तर तापतंच, पण घामानं ग्रिप सरकू लागते आणि घट्ट धरण्याची वाईट सवय लागते.

चादरीची भिंत

गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्रिकेटच्या जाळीची भोकं बहुधा त्याहून मोठी असतात. चेंडू आरपार जातो, नाहीतर अडकून एकेक गाठ उसवतो. म्हणून जाळी असली तरी मागे चादर हवीच. जाड विणीची सोलापुरी चादर यासाठी उत्तम, आणि जुनी, धुऊन मऊ झालेली अधिकच चांगली. दोन चादरी एकामागे एक, मध्ये वीतभर अंतर ठेवून लोखंडी पाइपला किंवा जाड दोरीला टांगा. खालची कड मोकळी सोडा. ताणून बांधली की चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा उलटा येतो. सैल असली की चादर त्याचा जोर खाते आणि चेंडू पायाशी पडतो. दर चार दिवसांनी चादर फिरवून लावा, नाहीतर एकाच जागी विरते.

चेंडू चादरीपासून बरोबर ३ मीटरवर ठेवा. गच्चीवर दोन्ही बाजूंनाही आडोसा हवा, उजवीकडे तर नक्कीच. क्लबच्या मानेला (दांडा आणि डोकं जुळतात तिथे) लागलेला चेंडू, म्हणजे शँक, पुढे न जाता सरळ उजवीकडे सुटतो, आणि तिथे शेजाऱ्यांची सोलरची काच असते. आडोसा नसेल तर फोमचे चेंडू वापरा. ड्रायव्हर गच्चीवर खऱ्या चेंडूनं मारूच नका.

आता या चादरीला मापाची पट्टी करू. चेंडूच्या समोर चादरीवर एक उभी चिकटपट्टी लावा. जमिनीपासून ९० आणि ११० सेंटिमीटरवर दोन आडव्या पट्ट्या लावा. सेव्हन आयर्नचा बरा फटका साधारण १६ ते २० अंशांच्या कोनात उठतो, म्हणजे ३ मीटरवर तो याच दोन पट्ट्यांच्या आसपास लागायला हवा. ६० सेंटिमीटरच्या खाली लागला तर चेंडू क्लबच्या खालच्या कडेनं मारला गेला. १४० च्या वर गेला तर तुम्ही तो हातानं उचललात. उभ्या पट्टीपासून १० सेंटिमीटर बाजूला लागला तर दिशा सुमारे २ अंश चुकली, आणि २ अंश म्हणजे १५० यार्डांवर ५ यार्ड. ते चालतं. ३० सेंटिमीटर चालत नाही.

चादर पुढचं वळण दाखवत नाही, फक्त चेंडू कुठे निघाला ते दाखवते. पण तेही पुष्कळ आहे, कारण चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, जिकडे वळलेला असेल तिकडे. हवेत तो वळतो ते चेहरा आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. हे दोन मनात वेगळे ठेवले की निम्मं निदान झालं.

चेंडू चेहऱ्यावर कुठे लागला हे पाहायला व्हाइटबोर्डच्या मार्करनं चेंडूच्या मागच्या बाजूला ठिपका द्या. त्याचा डाग क्लबवर उमटतो, फडक्यानं पुसून पुढचा चेंडू घ्या.

पायाखाली कडक मॅट असेल तर तिच्यावर विसंबू नका. क्लब चेंडूच्या चार बोटं मागे लागला तरी मॅटवरून घसरून चेंडूला भिडतो आणि फटका बरा वाटतो. खऱ्या गवतावर तोच फटका दहा पावलं जाऊन बसतो. अंगण असेल तर दोन फूट बाय एक फूट चौकटीत वाळू भरा. हिच्यासारखा स्वस्त आणि खरं सांगणारा शिक्षक नाही. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या मातीवर थेट मारू नका, मनगटाला झटका बसतो. मॅट वापरणारच असाल तर खाली दुमडलेलं पोतं घाला.

तुलना कशी करायची

पाच चित्रं काढा: उभं राहिल्यावर, बॅकस्विंगच्या टोकाला, खाली येताना शाफ्ट जमिनीला समांतर असताना, चेंडूपाशी, आणि चेंडूनंतर शाफ्ट पुन्हा समांतर झाल्यावर. प्रो खेळाडूची पाच आणि तुमची पाच, शेजारी-शेजारी ठेवा.

पहिलं चित्र पटकन तपासा. डाव्या हाताच्या मुठीवरच्या बोटांच्या दोन ते तीन गाठी वरून दिसाव्यात. अंगठा आणि तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी. सेव्हन आयर्नला चेंडू स्टान्सच्या, म्हणजे दोन पायांतल्या अंतराच्या, मध्यापासून एका चेंडूइतका डावीकडे ठेवा. ग्रिप किती घट्ट? कडक भाकरी धरतो तितकी. पडू द्यायची नाही आणि मोडूही द्यायची नाही.

दुसऱ्या चित्रावर लोक सर्वाधिक वेळ घालवतात. इतका घालवू नका. खांदे कमरेपेक्षा जास्त वळलेत का, आणि डावं मनगट मागच्या बाजूला मोडून कपासारखं झालेलं नाही ना, एवढं पुरे. टूरवर खांदे साधारण ९० अंश आणि कंबर ४५ अंश वळते. तुमचे खांदे ७५ अंशच वळत असतील तर तेवढेच वळू द्या. हात ओढून क्लब आणखी वर नेला की कोपर दुमडतं आणि सगळा हिशेब बिघडतो.

तिसरं आणि चौथं चित्र मात्र जवळून पाहा. मागून घेतलेल्या तिसऱ्या चित्रात प्रो खेळाडूचा शाफ्ट पायाच्या बोटांच्या रेषेला जवळपास समांतर असतो आणि क्लबहेड हातांना झाकतं किंवा किंचित आत असतं. तुमचं क्लबहेड हातांच्या बाहेर, चेंडूच्या बाजूला दिसत असेल, तर क्लब वरून आडवा, म्हणजे बाहेरून आत, येतोय. चौथ्या चित्रात, समोरून पाहताना, पाच खुणा शोधा. हात डाव्या मांडीसमोर आले आहेत. शाफ्ट लक्ष्याकडे सहा ते दहा अंश झुकला आहे. डावा पाय जवळपास सरळ आहे. उजवी टाच जमीन सोडू लागली आहे. डोकं पुढे गेलेलं नाही. आता हेच चित्र मागून पाहा. कंबर लक्ष्याकडे चांगली तीस-चाळीस अंश उघडलेली असते, आणि नितंब सुरुवातीला ज्या रेषेवर होते ती रेषा अजून सोडलेली नसते. हौशी खेळाडूची कंबर या क्षणी चेंडूकडे तोंड करून उभी असते आणि काम सगळं मनगटं करतात. सगळ्यात मोठा फरक इथे आहे.

तीन दोष, तीन औषधं

पहिला दोष, चेंडू उचलणं. क्रिकेट खेळून आलेल्यांत हा हटकून असतो. षटकार मारायचा तर खालून उचलून मारायचा, ही सवय हाडात मुरलेली असते. इथे चेंडू उचलायचं काम क्लबच्या चेहऱ्याच्या उतारानं आधीच करून ठेवलं आहे. सेव्हन आयर्नला तो उतार तीस अंश किंवा थोडा जास्त असतो. क्लब उतरत असतानाच चेंडूला लागायला हवा, आणि त्याच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या तीन-चार इंच पुढे पडायला हवा. तुम्ही उचलायला गेलात की तो बिंदू मागे सरकतो. मग एक चेंडू जमिनीत, तर दुसरा कडेनं सुटून घोट्याच्या उंचीवरून जातो. चादरीवर एक खूण ५० वर आणि पुढची १४० वर पडत असेल तर हाच रोग आहे.

अंगणात वाळूवर रांगोळीनं एक आडवी रेघ ओढा. चेंडू न ठेवता दहा स्विंग करा. वाळू रेघेपासून लक्ष्याच्या बाजूलाच उडायला हवी. दहातले सात जमले की रेघेवर चेंडू ठेवा. गच्चीवर टॉवेलचा उपाय करा. पातळ टॉवेल दुहेरी दुमडून चेंडूच्या १५ सेंटिमीटर मागे आडवा ठेवा, जाडी एक सेंटिमीटरच्या आत. जाड घडी ठेवू नका. तिथे नेटका उतरणारा क्लबसुद्धा जमिनीपासून दोनेक सेंटिमीटरच वर असतो, त्यामुळे जाड घडीला प्रो खेळाडूचाही क्लब लागेल आणि तुम्ही उगाच खचाल. टॉवेल न हलवता चेंडू गेला पाहिजे. सुरुवात अर्ध्या स्विंगनं करा, हात कमरेपासून कमरेपर्यंत.

यातला सापळा असा, की चित्रात शाफ्ट पुढे झुकलेला पाहून लोक उभं राहतानाच हात पुढे ढकलून ठेवतात. त्यानं चेहरा उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो, आणि क्लबची धार जमिनीत शिरते. तो झुकाव पोझ घेऊन येत नाही. भार डाव्या पायावर जातो, छाती वळत राहते, आणि त्यामागे तो आपोआप येतो.

दुसरा दोष, वरून आडवं येणं, म्हणजे स्लाइसचं (हवेत उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याचं) घर. याचं मूळ खांद्यात शोधतात, पण बहुतेक वेळा ते ग्रिपमध्ये असतं. चेहरा उघडा राहतो, चेंडू उजवीकडे पळतो, मग शरीर आपोआप डावीकडे ओढून मारायला लागतं. त्यानं वळण आणखी वाढतं. म्हणून आधी चेहरा, मग मार्ग. डाव्या हाताच्या गाठी एकच दिसत असेल तर तीन करा, आणि आठवडाभर फक्त चादरीवरच्या उभ्या पट्टीकडे पाहा. खूण पट्टीच्या उजवीकडून पट्टीवर आली की पुढे जा.

मग मार्ग. रिकामा बुटाचा खोका चेंडूच्या पलीकडे, क्लबच्या टोकापासून तीन बोटं बाहेर आणि चेंडूच्या वीतभर मागे ठेवा. क्लब बाहेरून आला की खोका उडतो. क्लब मुद्दाम आत न्यायच्या नादात हात शरीरात अडकवू नका. इथे क्रम कामी येतो. हुरड्याच्या दिवसांत शेतात गोफण फिरवणारा पाहिला असेल. आधी पाय पुढे पडतो, मग कंबर, मग छाती, मग हात, आणि दगड सर्वांत शेवटी सुटतो. हात आधी ओढला तर दगड भलतीकडे जातो. प्रो खेळाडूंचा डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली आणणं, असाच आहे. त्यांचा भार तर क्लब वर पोचायच्या आधीच डाव्या पायाकडे निघालेला असतो. समोरच्या व्हिडिओत फ्रेम-फ्रेम पाहा: क्लब अजून मागे जातोय आणि डावी टाच किंवा गुडघा लक्ष्याकडे सरकायला लागला आहे. हे एकदा दिसलं की मग दर वेळी दिसतं.

सरावाला दोन्ही पाय जुळवून उभे राहा. क्लब वर जात असताना, तो थांबायच्या आत, डावं पाऊल त्याच्या जागी टाका आणि मग मारा. आधी दहा वेळा चेंडूशिवाय, मग फोमचे दहा चेंडू. पाऊल क्लब थांबल्यावर पडत असेल तर क्रम अजून उलटाच आहे.

तिसरा दोष, उठून उभं राहणं. चेंडूपाशी येताना कंबर चेंडूकडे ढकलली जाते आणि पाठ सरळ होते. ठिपक्याचा डाग चेहऱ्याच्या मानेकडच्या बाजूला उमटतो, मधूनच शँक निघतो. खुर्ची उलटी ठेवून तिची पाठ नितंबांना जेमतेम टेकवून उभे राहा. बॅकस्विंगला उजवी बाजू खुर्चीला लागेल, डाउनस्विंगला डावी बाजू लागली पाहिजे. दोन्ही बाजू एकदम सुटल्या की तुम्ही उठलात. टाचा न उचलता उकिडवं बसता येत नसेल तर आधी घोटे आणि कंबर मोकळी करा. नाहीतर खुर्चीचा सराव पाठीवर येईल. दुसरा आणि तिसरा दोष एकत्र असतील तर आधी दुसरा धरा. क्लब फार उभा येत असेल तर जागा करायला शरीर उठतंच.

टेम्पो, म्हणजे स्विंगचा ठेका

'हळू घ्या' हा सल्ला सोलापूरपासून स्कॉटलंडपर्यंत सगळीकडे मिळतो आणि निम्म्या लोकांचं नुकसान करतो. प्रो खेळाडूंचा बॅकस्विंग आणि डाउनस्विंग यांचं प्रमाण साधारण तीनास एक असतं, मग खेळाडू संथ असो की चपळ. नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत २४ फ्रेम वर आणि ८ फ्रेम खाली, काहींचे २१ आणि ७, काहींचे २७ आणि ९. मोबाइलवर ६० फ्रेमचा साधा व्हिडिओ घ्या, म्हणजे हे आकडे दुप्पट होतील. क्लब हलल्यापासून थांबेपर्यंत मोजा, मग तिथून चेंडूपर्यंत. सांगून-सवरून हळू घेणाऱ्यांचे आकडे ८० आणि १८ असे निघतात. वर जाताना इतका वेळ लागला की शरीर विसावतं, आणि मग खाली येताना खांद्यानं हिसका मारावा लागतो. अशा माणसाला बॅकस्विंग थोडा वेगात घ्यायला सांगावं लागतं.

रोजचा क्रम

एका वेळी एकच दोष, किमान तीन आठवडे. रोज ३५ ते ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पहिली आठ मिनिटं अंग मोकळं करायला: कंबर, घोटे, मनगटं. मग चेंडूशिवाय आरशासमोर दहा-दहाचे तीन संच, इतके सावकाश की प्रत्येक जागी थांबता येईल. मग अर्ध्या स्विंगचे २० चेंडू, तीन-चतुर्थांशचे १५, पूर्ण स्विंगचे १० आणि तिथे थांबा. मॅटवर रोज ६० च्या वर चेंडू मारले की डाव्या मनगटाच्या आणि कोपराच्या तक्रारी सुरू होतात. दर दहाव्या चेंडूचा व्हिडिओ घ्या, प्रत्येकाचा नको. दर वेळी पाहत बसलात तर लक्ष शरीरात अडकतं आणि चेंडू विसरला जातो.

वाटणं आणि असणं यात मोठी दरी असते. कंबर चाळीस अंश उघडली असं वाटतं तेव्हा व्हिडिओत ती दहा अंश असते. म्हणून सरावात मुद्दाम जास्तीचं करा, मूर्खासारखं वाटेल इतकं. व्हिडिओत ते जेमतेम बरोबर दिसेल. वहीत रोज तीनच आकडे लिहा: दहातले किती चेंडू आडव्या पट्ट्यांमध्ये लागले, किती उभ्या पट्टीच्या दहा सेंटिमीटरमध्ये, आणि किती वेळा टॉवेल किंवा खोका हलला नाही. पहिल्या आठवड्यात आकडे खाली येतात. ते ठीक आहे. दुसऱ्या आठवड्यातही खालीच राहिले तर आधी मोबाइलची जागा तपासा, मग निदान.

पुण्याची फेरी

चेंडूचं वळण पाहायला मोकळं मैदान लागतंच. महिन्यातून एकदा पुण्याला जाणं होत असेल तर सेव्हन आयर्न गाडीत टाका. तिथल्या गोल्फ कोर्सवर बाहेरच्यांना रेंज (फटक्यांच्या सरावाचं मैदान) कधी खुली असते, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. अडीचशे किलोमीटर जाऊन दारातून परतण्यात अर्थ नाही.

रेंजवर शंभर चेंडूंची टोपली समोर आली की हात सुटतो. ती आधीच वाटून ठेवा. २० चेंडू अर्ध्या स्विंगचे. मग ३० पूर्ण स्विंगचे, प्रत्येकापुढे दोन अक्षरं लिहा: निघाला कुठे आणि वळला कुठे. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळला तर चेहरा उघडा आहे, ग्रिपकडे परत जा. डावीकडे निघून उजवीकडे वळला तर चेहरा लक्ष्याच्या डावीकडे आहे आणि मार्ग त्याहून डावीकडे. मग खोक्याचा सराव अजून संपलेला नाही. सरळ निघून थोडा वळला तर त्या दिवशी काहीही बदलू नका. उरलेल्यांतले दहा खऱ्या खेळासारखे मारा: दर वेळी वेगळं लक्ष्य, चेंडूमागे जाऊन रेषा पाहणं, एकच सराव-स्विंग आणि फटका. या दहांचा व्हिडिओ घ्या, गच्चीवर ठेवता त्याच उंचीवर आणि त्याच अंतरावर मोबाइल ठेवून. घरी आल्यावर चादरीसमोरच्या पाच चित्रांशेजारी ही पाच लावा. गच्चीवर कंबर उघडते आणि रेंजवर उघडत नाही, असं दिसलं तर पुढचे तीन आठवडेही तोच दोष, तोच टॉवेल.